डॉक वॉटसन ऐकताना साथीकडे कान द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी अकॉस्टिक गिटार शिकतोय. सरांनी डॉक वॉटसन ऐकायला सांगितलं. स्टुडिओतले अल्बम ऐकले, हात जबरदस्त आहे हे कळलं, पण पाच-सहा गाण्यांनंतर सगळं एकसारखं वाटायला लागलं. काही जण म्हणतात, त्याची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐक. पण त्यात खरखर, टाळ्या, मध्येच गप्पा. ती का ऐकायची, कुठली ऐकायची आणि बोटांचा वेग सोडून नेमकं काय ऐकायचं?"

डॉक वॉटसन या अमेरिकन लोकसंगीतातल्या गिटारवादकाकडे बहुतेक जण वेगाच्या वाटेने येतात, कारण त्याची ख्याती तशीच पसरली आहे. ‘ब्लॅक माउंटन रॅग’ ही त्याची वेगवान धून लावायची, थक्क व्हायचं, मग तशाच आणखी दोन धुना लावायच्या. वेगाचं नवल तेवढ्यात ओसरतं आणि तुम्ही म्हणता तसं सगळं एकसारखं वाटू लागतं. मी गिटार शिकवते, आणि विद्यार्थ्यांना पहिल्यापासून एकच सांगत आले आहे: डॉकची साथ ऐका. स्वतःच्या गळ्याला तो गिटारवर कशी साथ करतो, सासऱ्याच्या फिडलला कशी, मुलाच्या गिटारला कशी. ही साथ स्टुडिओतल्या अल्बममध्येही आहेच, पण लोकांसमोर वाजवताना ती जास्त उघडी होते. सोबतचा वादक आयत्या वेळी काहीतरी निराळं करतो आणि डॉकला तिथल्या तिथे त्याला सांभाळून घ्यावं लागतं. पुन्हा वाजवायची सोय नसते. लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायची ती यासाठी.

माणसाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. आर्थेल लेन वॉटसन हे त्याचं खरं नाव. जन्म ३ मार्च १९२३ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लू रिज डोंगरात, डीप गॅपच्या परिसरात. वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा डोळ्यांना संसर्ग होऊन दृष्टी गेली. वडिलांनी त्याला घरीच बँजो करून दिला, त्यावर कातडं चढवलं ते मेलेल्या मांजराचं. पहिली गिटार १२ डॉलरची. वडिलांनी अट घातली होती की संध्याकाळपर्यंत उसन्या गिटारवर एक गाणं बसवून दाखव, मग पैशांना हातभार लावतो. संध्याकाळी कार्टर कुटुंब या जुन्या गायक मंडळींचं एक गाणं तयार होतं. पुढची गिटार त्याने भावाबरोबर करवतीने लाकूड कापून, त्या कमाईतून घेतली. त्याच्या आंधळेपणाचा चमत्कार करून सांगणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. घरातल्या विजेच्या तारा स्वतः जोडणारा, हाताला सगळी कामं येणारा डोंगरातला माणूस होता तो, आणि त्याचं वाजवणंही तसंच आहे. हातातलं काम चोख करायचं आणि दिखाव्याला जागा ठेवायची नाही.

‘डॉक’ हे नाव लेनोर गावातल्या एका दुकानातून चाललेल्या रेडिओच्या थेट कार्यक्रमात पडलं. निवेदकाला ‘आर्थेल’ अवघड वाटलं, ऐकणाऱ्यांतून कोणीतरी ओरडलं की याला डॉक म्हणा, आणि ते कायमचं चिकटलं.

आता गिटारवादकाच्या दृष्टीने महत्त्वाचं. १९५३ पासून काही वर्षं तो टेनेसीतल्या जॉन्सन सिटीच्या जॅक विल्यम्सच्या बँडमध्ये विजेची गिटार वाजवत होता. लोकांना स्क्वेअर डान्स करायचा असे, त्यासाठी फिडलच्या धुना लागत, आणि बँडमध्ये फिडल वाजवणारा नव्हता. (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची रीत गावाकडची.) मग त्या धुना डॉकने गिटारवर बसवल्या. एका पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने), खाली-वर, खाली-वर, एकही सूर न गाळता. गिटारवर असं वाजवणारा तो पहिलाच होता असं म्हणणं बरोबर नाही. डॉन रीनो आणि जो मॅफिस यांनीही गिटारवर वेगवान धुना वाजवल्या होत्या. पण साध्या अकॉस्टिक गिटारवर फिडलची अख्खी धून स्वच्छ वाजवून, लोकसंगीताच्या मंचावर गिटारला पुढे आणून बसवलं ते डॉकने, आणि आज फ्लॅटपिकिंग, म्हणजे असं एका पिकने वाजवणं, करणारा प्रत्येक जण कुठून ना कुठून त्याच्यापाशी पोचतो.

त्या नाचाच्या बँडची एक गोष्ट लक्षात ठेवा. समोर माणसं नाचत असतील तर लय हलून चालत नाही, वादक रंगात येऊन पळाला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. डॉकची लय इतकी पक्की का, याचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं. पायाने ताल धरून त्याचं कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. तुमचा पाय चुकेल, त्याचा हात चुकणार नाही.

१९६० मध्ये न्यूयॉर्कहून राल्फ रिन्झलर हा संगीताचा अभ्यासक जुन्या पिढीतल्या क्लॅरेन्स अ‍ॅशलीचं गाणं टेपवर घ्यायला त्या डोंगरात आला. साथीला डॉक होता, तोही विजेची गिटार घेऊन, त्यामुळे रिन्झलरचा आधी हिरमोडच झाला. पुढे प्रवासात डॉकने बँजो हातात घेतला तेव्हा आपण कोणासमोर बसलोय हे त्याला कळलं. २५ मार्च १९६१ ला अ‍ॅशली, डॉक, क्लिंट हॉवर्ड, फ्रेड प्राइस आणि डॉकचे सासरे गेदर कार्लटन न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका शाळेच्या सभागृहात वाजवायला आले. ‘फ्रेंड्स ऑफ ओल्ड टाइम म्युझिक’ या मंडळाचा तो कार्यक्रम. त्या मालिकेतल्या कार्यक्रमांचा तीन सीडींचा संच स्मिथसोनियन फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने २००६ मध्ये काढला. त्यात डॉक मुख्य कलाकार नाही, म्हाताऱ्या अ‍ॅशलीच्या मागे बसलेला साथीदार आहे. म्हणून मला तो संच प्रिय आहे.

पण तुम्ही सुरुवात तिथून करू नका. सुरुवात करा ‘डीप रिव्हर ब्लूज’ या एका गाण्यापासून, आणि ते ‘डॉक वॉटसन ऑन स्टेज’ या व्हॅन्गार्ड कंपनीच्या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये ऐका. १९७० च्या आसपासचं रेकॉर्डिंग आहे, आवाज स्वच्छ आहे, खरखरीची तक्रार राहणार नाही.

या गाण्यात साथ म्हणजे काय ते जवळून बघू. मूळ गाणं डेलमोर बंधूंचं, १९३० च्या दशकातलं. ते दोघे भाऊ, दोन गिटार: एक नेहमीची सहा तारांची, दुसरी चार तारांची टेनर. डॉकला हे गाणं एकट्याने, एका गिटारवर हवं होतं आणि काही केल्या जमत नव्हतं. मग मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाचं अंगठ्याने बास (जाड तारांवरचे खालचे सूर) चालवायचं तंत्र त्याने ऐकलं आणि मार्ग सापडला. अंगठ्यात अंगठीसारखा पिक, तर्जनीला दुसरा. ‘ई’ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) धरलेली. अंगठा जाड सहाव्या तारेवर एक ठोका देतो, मग चौथीवर, परत सहावीवर, परत चौथीवर, आणि हे गाणं संपेपर्यंत थांबत नाही. तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा खाली अडकवलेल्या असतात तिथे) तारांवर हलकी टेकलेली असते, त्यामुळे बास घुमत नाही, ठक्-ठक् असा आखूड वाजतो. वरच्या बारीक तारांवर एकटी तर्जनी धून खेळवते. पहिल्याच ओळीत ‘ई’नंतर एक चमत्कारिक, जरा अधांतरी वाटणारी कॉर्ड येते, ती ‘ई डिमिनिश्ड’. तिथे हात वर सरकतो, पण अंगठ्याचा ठोका तसाच चालू असतो. ती कॉर्ड गाण्याला एक गिरकी देते आणि परत ‘ई’वर आणून ठेवते.

एकदा नुसता अंगठा ऐका. मग पुन्हा लावून नुसता गळा ऐका. डॉक ओळ ठोक्यावर सुरू करत नाही, किंचित मागे राहतो, शब्द सैल सोडतो. ठोका पुढे, गळा जरा मागे, आणि दोन्ही एकाच माणसाचे. हे एकदा कानाला दिसलं की डॉक वॉटसन पुन्हा कधी एकसारखा वाटत नाही. स्टुडिओतलं ‘डीप रिव्हर ब्लूज’ १९६४ च्या त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमवर आहे, तेही मागोमाग ऐका. मंचावर तो दोन ओळींच्या मधल्या जागा निराळ्या भरतो.

‘ऑन स्टेज’मध्ये गप्पाही भरपूर आहेत. तुम्हाला त्यांचा अडथळा वाटतो, पण त्या गाळू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोली डोंगरातली, पहिल्या वेळी निम्मं कळणार नाही, दुसऱ्यांदा कळेल. हे गाणं कोणाच्या रेकॉर्डवरून उचललं, कोणत्या नातेवाइकाकडून आलं, हे तो जवळजवळ दर वेळी सांगतो. नाव घेतल्याशिवाय दुसऱ्याची चीज पुढे ठेवायची नाही ही त्याची रीत. त्या गप्पांमधून एक अख्खा नकाशा हाती येतो: जिमी रॉजर्स, कार्टर कुटुंब, डेलमोर बंधू, मिसिसिपी जॉन हर्ट. मी स्वतः यांतल्या निम्म्या लोकांपर्यंत डॉकच्या निवेदनांचा माग काढतच पोचले. शिवाय त्या बोलण्यात गाण्याची लय आधीच सुरू झालेली असते. बोलता बोलता बोटं तारांवर काहीतरी चाळवत असतात, लोक हसतात, आणि हसू विरायच्या आत गाणं सुरू होतं.

आता फिडलची साथ. यासाठी २०२० मध्ये स्मिथसोनियन फोकवेजने काढलेला ‘डॉक वॉटसन अँड गेदर कार्लटन’ हा अल्बम आहे. रेकॉर्डिंग १९६२ चं, ग्रीनिच व्हिलेजमधल्या दोन कार्यक्रमांचं. पीटर सीगल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने ते टेपवर घेतलं आणि ते जवळपास साठ वर्षांनी अल्बमच्या रूपात लोकांपुढे आलं. गेदर कार्लटन म्हणजे डॉकच्या बायकोचे, रोझा लीचे वडील. शांत, जुन्या वळणाचा फिडलवादक. त्यांचा गज घाई करत नाही. सूर कुठे कुठे आजच्या कानाला थोडे कमी-जास्त लागतील, तो त्या परंपरेचाच बाज आहे. ‘डबल फाइल’ ही धून लावा. गेदर धून वाजवतात आणि डॉक, ज्याचा हात तेव्हाच गिटारच्या जगात सगळ्यात तेज म्हणावा असा होता, तो मागे राहून नुसता बास आणि स्ट्रम (तारांवरून एकदम फिरवलेला हात) देतो. बासचा सूर, स्ट्रम, बासचा सूर, स्ट्रम. मधूनच एखादी बासची ओळ, तीन-चार सुरांची, एका कॉर्डवरून दुसरीवर नेणारी. ती ओळ कुठे घातली ते ऐका: फिडलचं वाक्य संपतं आणि पुढचं सुरू व्हायचं असतं त्या सांध्यात. वाक्याच्या मधे तो कधीही बोलत नाही. सासऱ्यांनी एखादी ओढ जरा लांबवली तर गिटार तिथे थांबल्यासारखी हलकी होते, पण लय सुटत नाही. आपल्याकडे गाणाऱ्या बाईंमागे बसलेला जाणता पेटीवाला जसं वागतो, अगदी तसं.

मला विचाराल तर डॉकच्या सगळ्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये हा अल्बम सगळ्यात मोलाचा. वेग जवळजवळ नाही, करामत नाही, आणि तरी त्याचा उजवा हात काय चीज आहे ते इथेच सगळ्यात स्पष्ट कळतं.

बिल मन्रोबरोबरचं रेकॉर्डिंग याच्या बरोबर उलट. मन्रो हा ब्लूग्रास या वेगवान अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीचा जनक, मॅन्डोलिनवाला, स्वभावाने तापट आणि लयीत आक्रमक. रिन्झलर काही काळ दोघांचंही काम बघत होता, त्यामुळे हे दोघं अधूनमधून एका मंचावर आले. १९६३ ते १९८० मधल्या त्या द्वयींचा संग्रह १९९३ मध्ये निघाला. बँड नाही, बास फिडल नाही, दोन माणसं आणि दोन वाद्यं. मन्रो गात असताना मॅन्डोलिनवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला कापल्यासारखा आघात देतो. पहिली आणि तिसरी मात्रा डॉकच्या बासची. दोघांत मिळून एक ठेका तयार होतो. पण मन्रोने धून वाजवायला घेतली की तो आघात नाहीसा होतो, आणि डॉक लगेच स्ट्रम जड करून ती पोकळी भरतो. डॉकने धून घेतली की बास जातो, मग मन्रो आपला आघात कडक करतो. ही देवाणघेवाण दर कडव्याला होते. सगळीकडे ती सफाईने होत नाही, काही ठिकाणी दोघांची ओढाताण ऐकू येते आणि मन्रो पुढे पळतो. मला त्या जागाही आवडतात. ‘वॉटसन ब्लूज’ ही मन्रोची धून डॉकच्या नावाने आहे, ती चुकवू नका.

क्लॅरेन्स व्हाइटचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो कॅलिफोर्नियात वाढलेला, लॉस एंजेलिसच्या अ‍ॅश ग्रोव्ह क्लबात डॉकला ऐकून गिटारवर धून वाजवायच्या नादाला लागला. १९६४ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात हा वीस वर्षांचा मुलगा आणि एकेचाळीस वर्षांचा डॉक समोरासमोर बसले. ते तुकडे ‘ट्रेझर्स अनटोल्ड’ या अल्बमच्या शेवटी आहेत (अल्बमचा बाकीचा भाग वॉटसन कुटुंबाचा आहे, त्यात डॉकची आईही गाते). ‘बोमाँट रॅग’ ऐकताना पहिला प्रश्न पडतो की कोण कुठला. खूण सांगते. डॉकचे सूर सरळ ओळीत, ठोक्यावर ठोका पडतो. क्लॅरेन्स सूर गाळतो, ठोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे उतरतो, मधेच मोकळी जागा सोडतो. एवढं ओळखू यायला लागलं की मग पुन्हा लावा आणि लीड, म्हणजे पुढची धून, वाजवणाऱ्याकडे दुर्लक्ष करून मागच्या माणसाकडे कान द्या. क्लॅरेन्स जागा सोडतो तेव्हा डॉक ती भरत नाही. ती तशीच राहू देतो. आपल्या शैलीवर वाढलेल्या मुलाची निराळी चाल त्याने दोन मिनिटांत ओळखली आणि तिला मोकळीक दिली. क्लॅरेन्स १९७३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवल्यामुळे गेला, त्यामुळे हे थोडके तुकडे गिटारवाल्यांना फार जपावेसे वाटतात.

एकट्या डॉकसाठी दोन रेकॉर्डिंग आहेत. न्यूयॉर्कच्या गर्डीज फोक सिटीतलं, १९६२-६३ चं, जे २००१ मध्ये बाहेर आलं, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या क्लब ४७ मधलं, १० फेब्रुवारी १९६३ चं, जे २०१८ मध्ये आलं. त्या काळात तो नॉर्थ कॅरोलायनाहून बसने एकटा प्रवास करून कार्यक्रमांना जायचा. समोर कॉलेजातली शहरी पोरं. पहिल्या काही गाण्यांना टाळ्या सभ्य, बेताच्या. मग एखादी फिडलची धून गिटारवर सुटते आणि टाळ्यांचा आवाजच बदलतो. क्लब ४७ मध्ये काही गाण्यांना जॉन हेराल्ड आणि रिन्झलर साथीला आहेत, पण मला ही दोन्ही रेकॉर्डिंग आवडतात ती त्यातल्या एकट्या गाण्यांसाठी, विशेषतः जुन्या पोवाड्यासारख्या लांब कथागीतांसाठी. तिथे गिटार जवळजवळ काहीच करत नाही, आणि ते काहीच न करणं फार कठीण आहे. बँजोही ऐका, आणि गळ्यात अडकवलेल्या तारेच्या चौकटीत माउथ ऑर्गन असतो तोही. या माणसाकडे गिटारशिवाय बरंच होतं.

मर्लकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे. मर्ल हा डॉकचा मुलगा, जन्म १९४९ चा. एडी अर्नोल्ड आणि मर्ल ट्रॅव्हिस या दोन आवडत्या कलाकारांवरून त्याचं नाव एडी मर्ल ठेवलं होतं. १९६४ मध्ये डॉक दौऱ्यावर असताना आईने, रोझा लीने, मुलाला गिटारवरच्या पहिल्या कॉर्ड दाखवल्या. बाप घरी आला तेव्हा पोरगं साथ करत होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या महोत्सवात तो बापाबरोबर मंचावर बसला आणि पुढे वीसेक वर्षं बसत राहिला. गाडी चालवणं, मुक्काम, पैशाचे व्यवहार, सगळं त्याच्याकडे.

सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये मर्ल नुसती साथ करतो. ‘ऑन स्टेज’पर्यंत तो बोटांनी वाजवायचं स्वतःचं वळण घेऊन आलेला आहे, आणि आता साथ कोण करतंय हे दर गाण्यात बदलतं. ‘ब्राउन्स फेरी ब्लूज’ लावा. डॉकचा पिक सुसाट, मर्लची बोटं त्याच्याखाली गोल, मऊ. मग मर्लची पाळी आली की डॉकचा हात एकदम उतरतो. आवाज कमी होतो असं नाही, बारीक होतो. तो जाड तारा कमी वापरायला लागतो, म्हणजे मुलाचा अंगठ्याचा बास मोकळा ऐकू येतो. हे कोणी ठरवून लिहून ठेवलेलं नाही. रोज एकत्र वाजवून आलेलं आहे.

याच जोडीचं आणखी एक भांडार आहे. ग्रेटफुल डेड या बँडचा ध्वनितंत्रज्ञ आउझली स्टॅन्ली आपल्या कामाची नोंद म्हणून कार्यक्रम टेपवर घेत असे. मे १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डिंग हाउसमध्ये डॉक आणि मर्लचे लागोपाठ रात्रींचे कार्यक्रम त्याने घेतले, आणि २०१७ मध्ये त्यांचा सात सीडींचा संच निघाला. काही गाणी त्यात पुन्हा पुन्हा येतात आणि म्हणूनच तो संच विकत घेण्यासारखा आहे. तेच गाणं, तीच दोन माणसं, दुसरी रात्र. लय किंचित वेगळी, जागा वेगळ्या, कडव्यांमधलं वाजवणं वेगळं. कोणता भाग डॉकने बांधून ठेवलेला आहे आणि कोणता तिथल्या तिथे सुचतो, हे यातून जितकं स्वच्छ समजतं तितकं इतर कुठेच नाही. धुनेचा पहिला फेरा तो जवळजवळ तसाच ठेवतो. सुचतं ते दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात. नवशिक्याने हे फार लवकर शिकावं: आधी धून सरळ सांगायची.

२३ ऑक्टोबर १९८५ ला मर्ल ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने १९८८ पासून विल्क्सबोरोच्या महाविद्यालयाच्या आवारात मर्लफेस्ट भरतो, डॉकने २०१२ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधीपर्यंत तिथे वाजवलं. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये जॅक लॉरेन्स आणि इतर उत्तम साथीदार आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. पण मर्लच्या वेळची ती न सांगता होणारी अदलाबदल मला पुन्हा ऐकू आली नाही. २००२ मधला डेव्हिड होल्टबरोबरचा ‘लेगसी’ हा तीन सीडींचा संच मात्र घ्या. त्यात डॉक आपली गोष्ट स्वतः सांगतो आणि अ‍ॅशव्हिलमधला एक अख्खा कार्यक्रम आहे. वय सत्तरीच्या शेवटाकडे, बोटं थोडी मंदावलेली, गळा जाड आणि फार सुंदर झालेला. अर्ल स्क्रग्ज आणि रिकी स्कॅग्ज यांच्याबरोबरचा ‘द थ्री पिकर्स’ बऱ्याच जणांना आवडतो, मला तो जरा समारंभी वाटतो. एकदा ऐकून ठेवा, पुरे.

खरखरीबद्दल. जुनी टेप ऐकताना तुमच्या फोनमधली बास वाढवणारी, आवाज ‘साफ’ करणारी सगळी सोय बंद ठेवा. खरखर कापायला गेलं की पिक तारेला लागतानाचा बारीक टणत्कार पहिला मरतो, आणि लय कळते ती त्याच्यावरूनच. इअरफोनपेक्षा खोलीत साध्या स्पीकरवर ऐका. दहा मिनिटांत कान खरखर सोडून देतो. फोकवेजच्या संकेतस्थळावर अल्बमच्या माहितीपुस्तिका फुकट मिळतात, त्या नक्की उतरवून घ्या, कोण कधी काय वाजवतंय ते त्यांत नीट दिलेलं असतं.

आणि गिटार हातात घेऊन ऐकणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर सूर जुळणार नाहीत. फिडलच्या बऱ्याच धुना ‘ए’ आणि ‘डी’मध्ये असतात. गिटारवाले त्यासाठी दुसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या दुसऱ्या पट्टीपाशी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावतात आणि हात ‘जी’ किंवा ‘सी’च्या आकारात ठेवतात, म्हणजे मोकळ्या तारा हाताशी राहतात. जुन्या टेपचा वेग थोडा इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा त्या दिवशी आपली गिटार टेपला जुळवून घ्या. मग गेदर कार्लटनच्या एका धुनेबरोबर नुसती साथ धरा. बास, स्ट्रम, बास, स्ट्रम. कॉर्ड बदलताना बासचा सूर वेळेवर पडतोय का, एवढंच बघा. महिनाभर लीडला हात लावू नका. मग ‘डीप रिव्हर ब्लूज’चा अंगठा घ्या, तर्जनीशिवाय, आणि तो न अडखळता चालायला लागला की गुणगुणत बघा. अडेल ते बहुधा त्या डिमिनिश्ड कॉर्डपाशी अडेल. तिथलं बोट कसं ठेवायचं ते तुमच्या सरांनाच समोर बसून दाखवायला सांगा, लिहून ते कळत नाही.